मत्स्यपेटीचें झांकण व हवेचा मार्ग

कांचेच्या पेटींत मासे पाळण्याची हौस आमच्या पुष्कळ विद्यार्थिमित्रांना आहे. मासे उडी मारून बाहेर पडूं नयेत म्हणून पेटीवर झांकण हवेंच. परंतु तें चोहोंकडून बंद असेल, तर दिव्याची उष्णता व पाण्याची वाफ आंतच कोंडते. गेल्या वैशाखांत आमच्या पेटींतील मासे पृष्ठभागीं येऊन धापा टाकूं लागले. झांकण काढून ठेविलें, तेव्हां सायंकाळपर्यंत ते पूर्ववत् झाले.

ह्याचें कारण असें. माशांस लागणारा प्राणवायु पाण्यांत विरघळलेला असतो. २० अंश सेंटिग्रेडच्या एक लिटर गोड्या पाण्यांत तो सुमारें ९ मिलिग्रॅम मावतो. ३० अंशांवर साडेसातच. उलट ऊन पाण्यांत माशांना तो अधिक लागतो!

पहिला उपाय बिनआवाजी आहे. झांकणाच्या पुढील बाजूस खालीं व मागील बाजूस वर भोंकें पाडून त्यांस जाळी लावावी. ऊन, दमट हवा हलकी असल्यानें वरून निघून जाते व तिच्या जागीं खालून थंड हवा येते. धुराडें चालतें तें ह्याच तत्त्वावर.

एवढ्यानें न भागल्यास पंखा बसवावा. वाफ होतांना ती पाण्यांतील उष्णता घेऊन जाते; माठांतलें पाणी गार होतें तें असेंच. मात्र लहान पंखा वेगानें फिरूं लागला, कीं निजणारांची झोंप मोडते. म्हणून पंखा मोठा व संथ असावा. संगणकांतील १२ व्होल्टांचा पंखा ७ व्होल्टांवर चालविला तर चांगलें काम देतो. वेग निम्मा केल्यास वारा निम्मा होतो, पण आवाज सुमारें १५ डेसिबलनें उतरतो. पंख्याखालीं रबराच्या चकत्या घालाव्या, नाहींतर झांकण ढोलकीसारखें घुमतें. पंख्यानें बाहेरची हवा आंत ढकलावी. आंतली दमट हवा ओढल्यास तो लवकर गंजतो. हें काम वीज बंद करून, वडील माणसांच्या देखतच करावें.

उडालेलें पाणी वरचेवर भरावें. क्षार मात्र मागेंच राहतात, म्हणून मधून मधून थोडें पाणी बदलावें. गुरामीसारखे मासे पृष्ठभागावरील हवाही घेतात. त्यांना गार वारा बाधतो, यास्तव थंडींत पंखा बंद ठेवावा.

ज्या मुक्या जीवांस आपण आपल्या आनंदासाठीं कोंडून ठेवितों, त्यांच्या श्वासाची चिंता आपणच वाहिली पाहिजे.