सडक्या वांग्यातला धन्वंतरी

धनत्रयोदशीला आपण धन्वंतरीची पूजा करतो ती त्याच्या हातातील अमृतकलशाकडे बघून. हाती सडके वांगे धरलेला धन्वंतरी आजवर कोणा चित्रकाराने काढल्याचे मी तरी पाहिलेले नाही. आता मात्र तसे चित्र काढायला हरकत नाही. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहरी २०१० साली एका सडलेल्या वांग्याच्या खालच्या अंगाला चिकटलेली घाण प्रयोगशाळेत गेली आणि तीतून एक विषाणू वेगळा काढण्यात आला. त्याचे नाव ठेवले ‘मडी’. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘चिखल्या’. आठ वर्षांनी हा चिखल्या लंडनमध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलीच्या मदतीला धावून गेला.

विषाणू आणि मदत? वाचकांच्या भुवया वर गेल्या असतील. २०२० च्या टाळेबंदीपासून हा शब्दच आपल्याला नकोसा झाला आहे. तेव्हा आधी शब्दांचा घोळ निस्तरू. मी पडलो मराठीचा अध्यापक. शब्दापासून सुरुवात केल्यावाचून माझी गाडी हलत नाही. ‘जंतू’ या एकाच पिशवीत आपण दोन अगदी भिन्न वस्तू कोंबतो. जीवाणू हा एका पेशीचा का होईना, पण स्वतःचा संसार असलेला जीव. तो खातो, वाढतो, दुभंगून एकाचे दोन होतो. विषाणूला असला संसारच नाही. आनुवंशिक द्रव्याचा धागा आणि त्यावर प्रथिनांचे कवच, एवढीच त्याची बहुधा मालमत्ता. दुसऱ्याच्या पेशीत शिरल्याखेरीज त्याचा वंश वाढत नाही. यांतल्या काही विषाणूंना माणसाशी कर्तव्य नसते. ते फक्त जीवाणूंच्या घरात शिरतात. त्यांना ‘बॅक्टेरिओफाज’ किंवा नुसते ‘फाज’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘खाणे’, म्हणून मराठीत ‘जीवाणुभक्षक’. पण खरे तर येथे भक्षण वगैरे काही नाही. भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी, असा सगळा मामला! फाज जीवाणूच्या अंगावर बसतो, आपला धागा आत सोडतो, घरातील सारी यंत्रणा स्वतःच्या कामाला जुंपतो, आणि काही जातींना तर अर्धा तासही पुरतो, आत शंभरएक पिले तयार होऊन घर फोडून बाहेर पडतात.

या शोधाच्या पूर्वकथेत आपल्या गंगा-यमुनेचेही पाणी आहे. १८९६ साली आग्र्यास काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञाने नमूद केले की या नद्यांच्या पाण्यात पटकीचे जीवाणू मरतात, आणि तेच पाणी उकळले की त्याचा गुण जातो. त्यांना कारण उमगले नव्हते. पुढे अनेकांनी ते श्रेय फाजांना दिले. ते कितपत खरे यावर आजही वाद आहे. (म्हणून कोणी आजच्या गंगेचे पाणी औषध म्हणून पिऊ नये, ही आपली एक सूचना.)

फाजांचा खरा शोध १९१५ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ साली पॅरिसमध्ये फेलिक्स डेरेल यांनी, स्वतंत्रपणे लावला. डेरेल हा मोठा धडाडीचा माणूस. १९१९ साली आमांशाच्या मुलांना फाज पाजण्यापूर्वी त्यांनी तो स्वतः पिऊन पाहिला! १९२७ मध्ये ते हिंदुस्थानातही आले आणि पटकीवर त्यांनी फाजाचे प्रयोग केले. पण कुठे गुण येई, कुठे येत नसे. एक फाज जीवाणूच्या ठरावीक वाणाशीच वैर धरतो. दुसरा वाण शेजारी असला तरी त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. ही निवड नीट न करता बाटल्या भरल्या की व्हायचे तेच झाले. इतक्यात १९४० नंतरच्या दशकात पेनिसिलिन आले, सरसकट अनेक जीवाणूंना लोळवू लागले, आणि फाज अडगळीत पडला. जॉर्जियातील त्बिलिसी येथे मात्र १९२३ साली स्थापन झालेल्या संस्थेने हा धागा सोडला नाही. तिचे संस्थापक ग्योर्गी एलियावा यांना स्टालिनच्या राजवटीने १९३७ साली गोळ्या घातल्या, तरीही काम चालू राहिले.

अडगळीतली वस्तू पुन्हा का काढली? कारण पेनिसिलिनच्या वंशातील औषधांना जीवाणू आता दाद देईनासे झाले. २०१९ या एका वर्षात अशा बेदाद जीवाणूंमुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

आता त्या मुलीकडे वळू. तिला जन्मतःच फुप्फुसांचा विकार. २०१७ साली दोन्ही फुप्फुसे बदलली. त्यानंतर क्षयाच्या जीवाणूच्या भाऊबंदांपैकी एक, मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेसस, सर्वांगात पसरला. यकृतात गाठी, त्वचेवर फोड, शस्त्रक्रियेची जखम भरेना. औषधे हरली. तेव्हा लंडनच्या डॉक्टरांनी अमेरिकेत पिट्सबर्गचे ग्रॅहॅम हॅटफुल यांना गाठले. हॅटफुलांपाशी फाजांचे प्रचंड भांडार होते आणि ते जमवले होते कोणी? बहुतांशी महाविद्यालयांतील पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी, अंगणातली, खतातली माती उकरून! (आमच्याकडील त्या वयाच्या मुलांना आम्ही व्याख्या पाठ करायला लावतो.) महिनोन्‌महिने चाळणी लावून तीन फाज निघाले. दोघांचा मारा अर्धवट होता, म्हणून त्यांतील एक जनुक कापून त्यांना तिखट केले. तिसरा चिखल्या, तो मुळातच तिखट. २०१८ च्या जूनमध्ये दिवसातून दोनदा हे मिश्रण शिरेतून देण्यास प्रारंभ झाला. पुढील सहा महिन्यांत जखम भरली, यकृतातील गाठी ओसरल्या. २०१९ च्या मे महिन्यात ही हकिकत प्रसिद्ध झाली.

एका रोग्यावरून सिद्धान्त निघत नाही, हे हॅटफुलांनीही सांगितले आहे. शिवाय जीवाणूही काही हातावर हात ठेवून बसत नाहीत. फाजाच्या हल्ल्यातून वाचलेला जीवाणू शत्रूच्या धाग्याचा तुकडा आपल्या दप्तरी जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी ओळखून कापून काढतो. ही गोष्ट २००७ साली सप्रयोग सिद्ध झाली ती दही-चीज लावणाऱ्या जीवाणूंत. त्याच कात्रीला हाती धरून एमान्युएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी २०२० चे नोबेल मिळवले, आणि २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत सिकलसेलवर त्या कात्रीने केलेल्या उपचारास मान्यता मिळाली. नंदुरबार-गडचिरोलीच्या पाड्यांवर हा आजार घरोघर ठाऊक आहे. उपचाराची किंमत तेथे सांगण्याची सोय नाही.

राहता राहिला क्षय. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि २०१२ साली मुंबईच्या डॉक्टरांनी तपासलेल्या सर्व औषधांना न जुमानणारा क्षय दाखवून जगाची झोप उडवली होती. २०२१ मध्ये हॅटफुल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले की क्षयाच्या जीवाणूंच्या वेगवेगळ्या वाणांना प्रयोगशाळेत मारणारे फाज त्यांना मिळाले आहेत, आणि त्यांत आपला चिखल्याही आहे. मात्र काचेच्या बशीतला क्षय आणि छातीतला क्षय यांत अंतर आहे. छातीत तो आपल्याच रक्षक पेशींच्या पोटात दडून बसतो, आणि तेथवर फाजाला पोहोचवायचे कसे, यावर सध्या प्रयोगशाळांतून खल चालू आहे.