शेतीच्या गावाला भेट : मलकापूर परिसर आणि शब्दनोंदीची रीत

पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गाने कोयनेचा पूल ओलांडला की कऱ्हाडच्या कडेलाच मलकापूर लागते. येथे उतरणाऱ्या अभ्यासकाला हे शेतीचे गाव आहे असे प्रथमदर्शनी वाटत नाही. महामार्गालगत दुकाने, दवाखाने आणि वसाहती यांची दाटी आहे. गावाचा कारभार आता नगरपरिषदेकडे आहे. मात्र रस्ता सोडून आगाशिवाच्या डोंगराच्या रोखाने थोडे आत गेले, की उसाचे फड आणि पाण्याचे पाट दिसू लागतात, आणि पारावर बसलेल्या वृद्ध माणसांच्या बोलण्यात जुने शेतीचे गाव अजून ऐकू येते. अशा गावाला बोलीच्या अभ्यासासाठी भेट देताना काय ऐकावे, कसे विचारावे आणि काय टिपावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. वरवर साधा वाटणारा हा प्रश्न निकडीचा आहे. कारण ज्या कामांशी हे शब्द जोडलेले होते त्यांतील कित्येक कामे बंद झाली असून, ती स्वतः केलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे.

प्रारंभ गावाच्या नावापासून करता येईल. मलकापूर नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर सर्वपरिचित आहे. कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडी तालुक्यातही एक मलकापूर आहे. ‘मलिक’ हा अरबी शब्द आणि ‘पुर’ हा संस्कृत शब्द यांचा संयोग या नावात दिसतो. शेजारच्या कऱ्हाडाच्या नावाची परंपरा याहून पुष्कळ जुनी आहे. महाभारतातील ‘करहाटक’, भारहुतच्या लेखांतील ‘करहकट’ आणि कुडे येथील लेण्यांतील ‘करहाकड’ ही त्या नावाची प्राचीन रूपे होत. एका संस्कृत-प्राकृत परंपरेच्या नगराला लागून एक अरबी-संस्कृत संकराचे गाव वसलेले आहे, ही गोष्ट या भूभागाच्या भाषेविषयी बरेच काही सुचवते.

हाच संकर शेतात उतरल्यावर अधिक स्पष्ट होतो. ‘नांगर’ हा शब्द संस्कृत ‘लाङ्गल’पासून आला. पेरणीच्या ज्या अवजाराला महाराष्ट्रात अन्यत्र पाभर किंवा तिफण म्हणतात, त्याला दक्षिण महाराष्ट्रात ‘कुरी’ म्हणतात. कन्नडमधील ‘कूरिगे’ याच अर्थाचा आहे. कापणी-मळणीच्या दिवसांना ‘सुगी’ म्हणतात. तिचे नाते कन्नड ‘सुग्गी’शी आहे. ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ हे शब्द अरबी, ‘हंगाम’ हा फारसी, आणि विहिरीवर बसवलेली ‘मोटर’ इंग्रजी. नांगरट, पेरणी, सुगी आणि पाणी एवढ्या चार कामांचा वृत्तान्त ऐकताना भाषासंपर्काचे निरनिराळे कालखंड कानांवरून जातात. बोलणाऱ्याला मात्र हे सर्व शब्द सारखेच घरचे वाटतात, आणि ते योग्यच आहे.

बाहेरून आलेल्या अभ्यासकाची पहिली चूक अनोळखी शब्दांविषयी होत नाही. ती ओळखीच्या शब्दांविषयी होते. अनोळखी शब्द तो थांबून विचारतो, ओळखीचा शब्द मात्र न विचारता पुढे जाऊ देतो. सातारा-सांगलीकडे “तात्या रानात गेल्यात” असे कोणी सांगितले, तर त्याचा अर्थ तात्या शेतावर गेले आहेत एवढाच असतो. प्रमाण मराठीत अरण्याचा बोध करणारा ‘रान’ हा शब्द येथे कसलेल्या जमिनीचा वाचक आहे. खानदेश-विदर्भाकडे याच ठिकाणी ‘वावर’ येते. त्यातही ‘रान’, ‘मळा’, ‘माळ’ आणि ‘शिवार’ हे परस्परांचे पर्याय नव्हेत : मळा म्हणजे पाण्याखालची जमीन, माळ म्हणजे उंचावरची हलकी, मोकळी जमीन, आणि शिवार म्हणजे गावच्या हद्दीतील एकूण शेतीचा परिसर. हे भेद लक्षात न घेता चारही शब्दांपुढे ‘शेत’ असा एकच अर्थ लिहिणारी नोंद निरुपयोगी ठरते.

हा धोका मराठीपुरता मर्यादित नाही. कॅरिबियन समुद्रातील जमेका या ऊस पिकवणाऱ्या बेटावर खेडुताच्या बोलीत ‘ग्राउंड’ म्हणजे नुसती जमीन नव्हे. घरापासून दूर असलेला, कसून पिकवलेला तुकडा असा त्याचा अर्थ होतो. शब्द इंग्रजी असल्यामुळे इंग्रजी जाणणारा पाहुणा तेथे सहज फसतो. फ्रेडरिक कॅसिडी यांनी ‘जमेका टॉक’ (१९६१) या ग्रंथात आणि पुढे ले पेज यांच्यासह सिद्ध केलेल्या कोशात (१९६७) अशा शब्दांना स्वतंत्र स्थान दिले. परिचित रूपाआड स्थानिक अर्थ दडलेला असतो, ही जाणीव त्यामागे आहे. जमेकाचे ‘ग्राउंड’ आणि कऱ्हाडकडचे ‘रान’ ही त्या दृष्टीने एकाच जातीची उदाहरणे होत.

दुसरी चूक प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतून उद्भवते. गावात पाऊल टाकताच प्रश्न विचारला जातो तो अभ्यासकालाच : “काय पाव्हणं, कुठलं गाव?” या प्रश्नाचे उत्तर देत असतानाच त्याची भाषा तोलली जाते. पाहुणा शिकलेला आहे असे ध्यानात येताच यजमान आपली बोली बदलू लागतो. ‘पानी’चे ‘पाणी’ होते, ‘कवा’चे ‘केव्हा’ होते, आणि “याला तुम्ही काय म्हणता?” या प्रश्नाला शाळेतील पुस्तकात शोभेल असे उत्तर मिळते. यात यजमान काही लपवीत नाही. तो पाहुण्याचा मान राखत असतो. परंतु नोंदवहीत मात्र बोलीऐवजी आदरातिथ्य उतरते. त्यात भर म्हणून अभ्यासकाचा हातही सवयीने ‘पाणी’ असेच लिहून जातो.

यावरचा उपाय असा, की शब्दाविषयी न विचारता कामाविषयी विचारावे. उदाहरणार्थ, मोटेचे भाग कोणते, असे विचारले तर दोन-चार नावे मिळून उत्तर संपते. परंतु “आबा, दिवस उगवायला मोट धरली म्हणजे काय काय करावं लागायचं?” असे विचारले, की सांगणारा मनाने विहिरीवर जाऊन उभा राहतो. मग कातड्याची मोट, तिची सोंड, मोटेला बांधलेला जाड नाडा, सोंडेला बांधलेला बारीक सोंदूर, बैल ज्या उतरणीवरून खाली जातात ती धाव, आणि सोंडेतून पाणी जेथे पडते ते थारोळे, अशी सारी परिभाषा कामाच्या क्रमाने बाहेर येते. प्रत्येक शब्दाचे कार्य त्याच्या जागेवरून आपोआप स्पष्ट होते. ‘धाव’ या शब्दाचा शेतीच्याच व्यवहारात आणखी एक अर्थ आहे, तो म्हणजे गाडीच्या चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी. वस्तू आणि काम यांच्यापासून तोडून लिहिलेली ‘धाव’ यांपैकी कोणती, हे पुढील वाचकाला कळण्याचा मार्ग उरत नाही.

काही शब्दांत तर संपूर्ण निरीक्षण साठवलेले असते. पावसानंतर किंवा पाणी दिल्यानंतर जमिनीतील जादा पाणी निचरून जाते, ओल आणि हवा यांचे प्रमाण जुळते आणि अवजाराला माती चिकटेनाशी होते. त्या अवस्थेला ‘वाफसा’ म्हणतात. रानाला ‘घात’ आली असेही म्हणतात. हा निर्णय शेतकरी माती मुठीत दाबून करतो. ‘दारे धरणे’ या प्रयोगाचेही तसेच आहे. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवण्यासाठी मातीचे तोंड फोडावयाचे आणि आधीचे बुजवावयाचे, या कामाला येथे दारे धरणे म्हणतात. अन्य काही भागांत याच कामाला ‘बारे देणे’ म्हणतात. ठिबक सिंचनात हे काम उरत नाही. काम गेल्यावर शब्द किती दिवस टिकतो, आणि टिकला तर कोणत्या अर्थाने टिकतो, हा संशोधनाचा स्वतंत्र विषय होईल.

मोट आज केवळ स्मरणात आहे. गुऱ्हाळ मात्र, साखर कारखान्यांच्या विस्तारामुळे संख्या घटली तरी, अजून पाहावयास मिळते. विद्यार्थ्याने तेथून आरंभ करणे सोयीचे. चरकातून निघालेला रस, चुलाणावरची काहील, रसावर येणारी मळी, काकवी, जळणासाठी वाळत घातलेली चिपाडे, आणि गूळ उतरवण्याचा नेमका क्षण ओळखणारा गुळव्या ही सर्व साखळी तेथे एकाच जागी डोळ्यांसमोर उलगडते. वस्तू दिसत असल्यामुळे शब्द आणि अर्थ यांची गाठ तेथल्या तेथे पडताळता येते.

तिसरी चूक जुन्याच्या ओढीतून होते. केवळ लोप पावणारे शब्द गोळा करून नवे शब्द ‘अशुद्ध’ म्हणून वगळले, तर बोलीचे जे चित्र उभे राहते ते कोणत्याही काळातील नसते. मलकापुरात २००९ च्या सुमारास मीटरसह चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना सुरू झाली आणि तिची देशभर नोंद घेतली गेली. भाषेच्या दृष्टीने हा बदल विचार करण्यासारखा आहे. ‘नळाला पाणी आले’ हे वाक्य पाणी जात असते तेथेच अर्थपूर्ण असते. अखंड पुरवठ्यात त्याचे प्रयोजन उरत नाही. उलट शेतात पाण्याची ‘पाळी’ आणि विजेची वेळ यांवर दिवसाची आखणी होते, आणि ‘लाइट आली’ हा प्रयोग तेथे दिवा लागल्याचा नव्हे, तर मोटर चालू करण्याची वेळ झाल्याचा वाचक असतो. एकाच गावाच्या घरात आणि शेतात पाण्याविषयीचे बोलणे कसे भिन्न होत जाते, हे येथे प्रत्यक्ष पडताळून पाहण्याजोगे आहे.

पूर्वसूरींच्या कार्याचा आधार या कामात अवश्य घ्यावा. मोल्सवर्थचा कोश (१८३१; दुसरी आवृत्ती १८५७), त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२-३८) यांत ग्रामीण व्यवहाराचे शब्द विपुल आहेत. परंतु कोशातील अर्थ सांगणाऱ्याच्या तोंडी घालण्यासाठी त्यांचा उपयोग करू नये. स्वतःची नोंद झाल्यानंतर तुलनेसाठी करावा. युरोपातील बोली-नकाशांचा इतिहासही बोधप्रद आहे. झिल्येराँ यांच्या फ्रेंच बोली-नकाशासाठी (१९०२-१०) ठरावीक प्रश्नावलीवर भर होता. याबेर्ग आणि युद यांनी इटली व दक्षिण स्वित्झर्लंड यांच्या नकाशात (१९२८-४०) शब्दांबरोबर वस्तूंची चित्रे व छायाचित्रे यांनाही महत्त्व दिले. शेतीच्या शब्दांसाठी दुसरी रीत अधिक फलदायी आहे.

यावरून नोंदीचे किमान स्वरूप निश्चित करता येते : शब्द जसा ऐकला तसा, तो ज्या वाक्यात आला ते पूर्ण वाक्य, वस्तूची आकृती, कामातील तिचे स्थान, सांगणाऱ्याचे वय व व्यवसाय, आणि ते काम त्याने स्वतः केले आहे की केवळ पाहिले आहे याचा स्पष्ट उल्लेख. ध्वनिमुद्रण अनुमतीनेच करावे आणि सांगणाऱ्याचे नाव त्याची इच्छा असेल तरच छापावे. ऐन सुगीत जाऊन कामात व्यत्यय आणू नये. काम आटोपल्यावरची संध्याकाळ बोलण्यासाठी उत्तम. तयार झालेली शब्दसूची गावात परत नेऊन वाचून दाखवावी. त्या वाचनात जेवढ्या दुरुस्त्या होतात तेवढ्या ग्रंथालयात बसून होत नाहीत. शिवाय ज्यांच्याकडून शब्द घेतले त्यांचा त्यांवरील अधिकारही त्यामुळे मान्य होतो.

मोट हाकलेल्या माणसाला विचारता येते तोवर ‘सोंदूर’ हा अनुभव आहे. त्यानंतर तो कोशातील एक नोंद होईल. ती नोंद अचूक व्हावी यासाठी लागणारा अवधी फार थोडा उरला आहे. बोलीविज्ञानाच्या विद्यार्थ्याने दूरच्या प्रदेशाकडे जाण्यापूर्वी महामार्गालगतच्या अशा एखाद्या गावात उतरावे, आणि वही उघडण्याआधी काही काळ नुसते ऐकावे.