अनोळखी देहापासून विहिरीतील आकाशापर्यंत : डॉ. गिव्ह पटेल यांची चित्रकला

मृत्यू ही जशी कुटुंबाच्या दुःखाची, तशीच शासनाच्या दप्तरी नोंदविली जाणारी घटना आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये ही नोंद साधारणतः २१ दिवसांच्या आत करावयाची असते. वारसाहक्क, विमा, सार्वजनिक आरोग्याचे नियोजन अशा अनेक गोष्टी तिच्यावर अवलंबून असतात. तथापि, नाव, वय, दिनांक आणि कारण एवढे लिहिले गेले की नोंदवहीचे काम संपते. गेलेला माणूस कोणी तरी डोळे भरून पाहिला का, हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. मुंबईचे चित्रकार डॉ. गिव्ह पटेल यांनी हाच प्रश्न आपल्या चित्रांचा विषय केला.

वैद्य, कवी आणि चित्रकार

पटेल यांचा जन्म १९४० साली मुंबईत झाला. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेऊन त्यांनी मुंबई सेंट्रल परिसरात २००५ पर्यंत सामान्य रुग्णांची चिकित्सा केली. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. त्यांचे पहिले एकल प्रदर्शन १९६६ मध्ये मुंबईत भरले. त्याच वर्षी त्यांचा पहिला इंग्रजी काव्यसंग्रहही प्रसिद्ध झाला. वृक्षतोडीवरील त्यांची कविता केंद्रीय अभ्यासक्रमाच्या नववीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात अनेक वर्षे होती, त्यामुळे कित्येक शिक्षकांना त्यांचे नाव परिचित असेल. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

दिवसभर दवाखान्यात रुग्ण तपासणाऱ्या या माणसाला देहाचे दुखणे, झिजणे आणि थांबणे पुस्तकातून शिकावे लागले नाही. देह किती सोसू शकतो, हे कुतूहल त्यांच्या कवितेत आणि चित्रांत सारखेच आढळते.

नाव नसलेली माणसे

त्यांच्या १९७० च्या दशकातील चित्रांत मुंबईच्या रस्त्यांवरील श्रमिक दिसतात. ‘हातगाडीसह दोन माणसे’ (१९७९) या चित्रात दोन कष्टकरी गाडीपाशी क्षणभर विसावले आहेत आणि त्यांच्यामागे इमारतींचे शहर आहे. त्यांच्या दारिद्र्याचे प्रदर्शन येथे नाही, की श्रमाचा जयघोषही नाही. दोन माणसांना मिळालेला विसाव्याचा क्षण चित्रकाराने आदराने टिपला आहे, इतकेच.

पुढे याच दृष्टीने त्यांनी मृतदेहांकडे पाहिले. ‘चिरडलेले मस्तक’ आणि ‘बुडालेली स्त्री’ ही १९८४ मधील, तर ‘निसर्गदृश्यातील छिन्नविच्छिन्न देह’ हे १९९३ मधील चित्र. या शीर्षकांतून देहाची अवस्था कळते, नाव मात्र कळत नाही. बेवारस प्रेताचा पंचनामा होताना उपस्थित राहिलेल्या पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना याचा अर्थ सांगावा लागणार नाही. नावाच्या रकान्यात ‘अनोळखी’ असे लिहिले जाते आणि गाव आपल्या कामाला लागतो.

असे भीषण विषय चित्रकाराने का निवडावेत, प्रेक्षकाला त्यातून आनंद कोणता, अशी शंका साहजिक आहे. कलेने मनाला विसावा द्यावा ही अपेक्षाही गैर नाही. परंतु अपघातस्थळी आपण दोनच गोष्टी करतो : एक तर नजर वळवितो किंवा गर्दीत उभे राहून क्षणभर कुतूहल भागवितो. चित्र तिसरा मार्ग देते. ते आपल्याला थांबावयास लावते. ज्या देहाला रस्त्यावर कोणी दोन मिनिटे दिली नाहीत, त्याच्यासाठी एका चित्रकाराने कित्येक दिवस रंग लावण्याचे कष्ट घेतले, ही जाणीव झाली म्हणजे किळस ओसरते आणि त्या अनामिकाविषयी आस्था निर्माण होते. मृत्यूपुढे माणसाची प्रतिष्ठा टिकवून धरण्याचा हा एक प्रकार आहे.

विहिरीत पाहताना

पटेल यांची सर्वांत दीर्घकाळ चाललेली मालिका विहिरींची. दक्षिण गुजरातेतील ग्रामीण भागाशी त्यांच्या घराण्याचे नाते होते आणि तेथील विहिरीत डोकावण्याचे लहानपणचे आकर्षण पुढे १९९० च्या दशकापासून त्यांच्या चित्रांत उतरले. प्रेक्षक जणू काठावर उभा राहून थेट खाली पाहतो. दगडी कडा, त्यांतून उगवलेली रोपे, खोल पाणी आणि त्या पाण्यात प्रतिबिंबित झालेले आकाश असे या चित्रांचे विश्व आहे.

खाली पाहावे आणि वरचे दिसावे, हा अनुभव खेड्यातील प्रत्येकाचा आहे. विहीर तहान भागविते आणि क्वचित एखाद्याचा जीवही घेते. मृतदेहांची चित्रे काढणाऱ्या चित्रकाराने त्याच खोलीत प्रकाश शोधावा, यात विसंगती नाही. अंधाराकडे नजर न वळविता पाहत राहिल्यासच त्यातील आकाश दिसते, असे ही दोन्ही चित्रे एकत्र पाहता वाटते. सतराव्या शतकातील गुजराती वेदान्ती कवी अखो याच्या रचनांचे इंग्रजी भाषांतरही पटेल यांनी केले, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

आपल्यासाठी

ऋषी व्हॅली येथील शाळेत पटेल यांनी अनेक वर्षे मुलांच्या काव्यकार्यशाळा घेतल्या. आपल्या शाळांनाही असा उपक्रम अवघड नाही. सुरक्षित कठडा असलेल्या गावच्या विहिरीपाशी शिक्षकांनी विद्यार्थ्यांना न्यावे आणि पाण्यात काय दिसते ते रेखाटावयास सांगावे. त्यासाठी पाटी-पेन्सिलही पुरेशी आहे.

प्रशासनात काम करणाऱ्यांसाठी या चित्रांचा बोध अधिक थेट आहे. नोंदवहीतील प्रत्येक ओळ म्हणजे एक जगून गेलेले माणूस होय. ती ओळ लिहिताना क्षणभर थांबण्याइतकी संवेदना आपल्यात राहिली, तर मृताच्या नातेवाइकाला दाखल्यासाठी विनाकारण खेपा घालाव्या लागणार नाहीत आणि अनोळखी देहाचा अंत्यविधीही सन्मानाने होईल.