मिरजेच्या वाटेवरचा साहेब

परवा आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या शेजारणीकडे गेले होते. तिच्या सुनेला टीबी निघाला होता. पोरगी चोवीस वर्षांची, पदरात तीन वर्षांची मुलगी. आणि सासूबाईंनी तिची पिशवी भरून दारात ठेवलेली! "माहेरी जाऊ दे तिला सहा महिने. बरी झाली की घिऊन येऊ," असं त्या म्हणत होत्या. ताट-तांब्या वेगळा केला होता, तो पण त्या पिशवीतच होता. पोरगी खाली मान घालून बसलेली. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मी त्यांना म्हटलं, "मावशी, तुम्ही वानलेसवाडीला कधी गेलाय का?"

"गेलीया की. सांगलीसनं मिरजंला जाताना लागती. का वं?"

"ते नाव कुणाचं, माहिती आहे?"

त्यांना माहिती नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही लग्नाआधी माहिती नव्हतं. वाडीच्या एखाद्या पाटलाचं आडनाव असेल असंच वाटायचं. तुमच्यापैकी किती जणींना ठाऊक आहे, सांगा बरं?

विल्यम जेम्स वानलेस मूळचे कॅनडातले. जन्म 1865 चा. न्यूयॉर्कला डॉक्टरकी शिकले आणि 1889 साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून नवपरिणीत बायकोला, मेरीला घेऊन आपल्या भागात आले. वय अवघं चोवीस. आधी सांगलीत एक छोटा दवाखाना चालवला, मग मिरजेला गेले. 1894 साली तिथं हॉस्पिटल उभं राहिलं. आपण ज्याला अजून 'मिशन हॉस्पिटल' म्हणतो, तेच ते. मिरज रेल्वेचं जंक्शन. त्यामुळं कर्नाटकातून, कोकणातून, पार लांबून माणसं गाडीत बसून यायची. ज्या काळात ऑपरेशन म्हटलं की घरात रडारड सुरू व्हायची, त्या काळात मिरजेला मोतीबिंदू निघत होते, पोटाची ऑपरेशनं होत होती.

आमच्या आजेसासूबाई त्यांच्या आईची गोष्ट सांगायच्या. आईला दिसेनासं झालं, तेव्हा इस्लामपुरातून बैलगाडीनं त्यांना मिरजेला नेलं. जाताना पितळेची घागर, शिधा, स्टोव्ह सगळं बरोबर. साहेबाच्या घरचं पाणी प्यायचं नाही! तिथं सकाळी प्रार्थना व्हायची, येशूची गोष्ट सांगायचे. आई कानात बोटं घालून बसायची म्हणे. पट्टी सुटली आणि पहिल्यांदा काय दिसलं, तर समोरच्या खाटेवरची एक म्हातारी, तीही तशीच कानात बोटं घालून बसलेली! हे सांगताना आजेसासूबाई स्वतःच हसायच्या. घरी आल्यावर मात्र आईला गोमूत्र शिंपडूनच आत घेतलं.

मिशनला धर्मप्रसारही करायचा होता, हे काही लपवण्यासारखं नाही. वानलेससाहेब श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि धर्मासाठीच आले होते. आपल्या माणसांना त्याची भीती वाटली, तीही खोटी नव्हती. बाटलं तर नातं तुटायचं, पोरींची लग्नं अडायची. मला स्वतःला विचाराल तर आजाऱ्याच्या उशाशी धर्म सांगू नये असंच वाटतं. पण कानात बोटं घालणाऱ्या बाईचा डोळाही त्यांनी तितक्याच काळजीनं उघडला, हे माझ्या मनातून जात नाही.

ते नुसते ऑपरेशन करत राहिले नाहीत. 1897 साली त्यांनी मिरजेत वैद्यकीय शिक्षणाची शाळा काढली. आपल्याच मुलांना शिकवलं. नर्सिंगचं शिक्षणही तिथं मिळायला लागलं. ज्या मुली घराबाहेर पडत नव्हत्या, त्यांच्या हातात पगार आला. पुढं 1962 साली मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हा त्या विद्यार्थ्यांनाही या हॉस्पिटलचा मोठा आधार होता.

मला मात्र या गोष्टीत मेरीबाई दिसत राहतात. लग्न करून सात समुद्र ओलांडून आल्या, त्याही मिरजेच्या उन्हात. भाषा येत नाही, आईचं पत्र यायला कित्येक आठवडे. त्यातच प्लेगचे दिवस आले, 1899-1900 चा दुष्काळ आला. 1906 साली त्या गेल्या.  कोल्हापूरचं मेरी वानलेस हॉस्पिटल त्यांच्याच नावाचं. साहेबांनी पुढं दुसरं लग्न केलं, लिलियनबाईंशी. साहेबांना 1928 साली 'सर' किताब मिळाला आणि त्याच साली, जवळजवळ चाळीस वर्षांनी त्यांनी मिरज सोडली. 1933 मध्ये ते अमेरिकेत वारले.

आता मूळ मुद्द्यावर येते. कुष्ठरोग्यांना आणि क्षयरोग्यांना गावाबाहेर काढायचे, तेव्हा या लोकांनी त्यांना जवळ केलं. मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय झालं आणि क्षयरोग्यांसाठी वानलेसवाडीचं आरोग्यधाम. तेव्हा टीबीवर औषधच नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन निघालं 1943 साली, साहेब गेल्यावर दहा वर्षांनी. मोकळी हवा, विश्रांती, दूध, अंडी, एवढ्यावर माणूस जगवायचा प्रयत्न करायचे.

"मावशी, औषध नव्हतं तेव्हा परकी माणसं या रोग्यांच्या खाटेशी बसली. आज सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, साधा टीबी सहा महिन्यांत बरा होतो. 2018 पासून सरकार आहारासाठी खात्यावर पैसे टाकतंय, आता महिन्याला हजार रुपये. आणि तुम्ही घरच्या लेकीला घालवताय?"

मावशी चिडल्या. "तुमाला सांगायला काय जातंय, ताई? घरात ल्हान लेकरू हाय!"

त्यांचं चुकत नव्हतं. लेकराची भीती खरीच होती. त्यावर भाषण देऊन भागणार नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी आशाताईंना घेऊन गेले. त्यांनी नीट समजावलं. खोकताना तोंडावर रुमाल धरायचा, खिडक्या उघड्या ठेवायच्या, गोळ्या एक दिवस चुकवायच्या नाहीत. नीट औषध सुरू झालं की थोड्याच आठवड्यांत संसर्गाची भीती खूप कमी होते. ताट-तांब्या वेगळा करून काही होत नाही, हा रोग हवेतून जातो. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेतली. लेकीला प्रतिबंधाचं औषध सुरू झालं.

पिशवी त्या दिवशीही दारातच होती. मी काही बोलले नाही.

गेल्या आठवड्यात पुन्हा डोकावले. गोळ्या सुरू होऊन तिसरा महिना होता. सून ओसरीवर मटकी निवडत बसली होती, वजन तीन किलोनं वाढलंय म्हणाली. पिशवी दिसली नाही. मावशी आतून चहा घेऊन आल्या, तिघींचे कप एकाच ताटात. टेकता टेकता मलाच विचारलं, "त्या साहेबाच्या बायकूला पोरंबाळं हुती का वं? का तशीच गेली बिचारी?"