एका वेळी एकच बदल

आमच्या घरचा १२ वर्षांचा संगणक मध्येच बंद पडू लागला. व्हायरसच असणार, असे आम्ही ठरवून टाकले होते. तरी आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवल्या आणि एका वेळी एकच बदल करून पाहिला. धूळ झाडली; फरक नाही. मेमरीची पट्टी बदलली, फरक नाही. मग वीज तोडून मदरबोर्ड निरखला. प्रोसेसरजवळच्या तीन कपॅसिटरची सपाट डोकी फुगली होती!

कपॅसिटर विद्युतदाबातील चढउतार सौम्य करतो. उष्णतेने त्यातला द्रव आटतो आणि हे काम बिघडते. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते. जाणकाराकडून तिन्ही बदलून घेतले. संगणक सुरळीत झाला. सगळे एकदम बदलले असते, तर खरा दोष कळला असता का? वर्गात हे जरूर विचारा.