ओडाफा गेला, कोणाचे काय गेले?

गेल्या हिवाळ्यात मुंबईस जाण्याचा योग आला, तेव्हा आमचा एक जुना विद्यार्थी मुद्दाम भेटावयास आला. वसईकडचा हा ख्रिस्ती मुलगा. मुलगा म्हणावयाचे ते आपल्या सवयीने, वस्तुतः तो आता पन्नाशीकडे झुकला आहे. गणिताच्या तासाला खिडकीबाहेर पाहात बसणारा हा विद्यार्थी पुढे वेल्डिंगचे काम शिकला आणि कुवेतमधील अहमदी या तेलनगरीत त्याने सोळा वर्षे काढली. खजुराचा डबा पुढे ठेवून तो म्हणाला, "सर, एक हिशेब तुमच्याकडून तपासून घ्यायचा आहे." आम्हांस वाटले, फंडाचा असेल, नाहीतर घराच्या कर्जाचा. चष्मा चढवून कागद पुढे ओढला, तो हिशेब निघाला फुटबॉलच्या एका खेळाडूचा!

वाचकहो, आपल्या समाजात खेळ म्हटला की पूर्वापार क्रिकेटच. आपले ज्यूडा रूबेन कसोटी सामन्यांत पंच म्हणून उभे राहात, त्याचे कौतुक आपल्या घराघरांतून होत असे. तरी कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने पाहिलेली वडीलधारी मंडळीही आपल्यात होती, आणि इकडे आल्यावर तर आपल्या मुलाबाळांनी फुटबॉलच जवळ केला. तेव्हा हा हिशेब आपणांस अगदीच परका वाटू नये.

कुवेतला आपले जाणे होणे नाही. म्हणून अहमदीविषयी त्याने सांगितले तेच येथे देतो. बुरगान येथे 1938 साली तेल लागले, 1946 पासून ते परदेशी जाऊ लागले, आणि तेलकंपनीच्या माणसांसाठी वाळवंटात हे गाव वसविण्यात आले. तेव्हाचे अमीर शेख अहमद यांच्यावरून त्याचे नाव पडले. मुंबईत भरती होऊन कितीतरी गोवेकर आणि मुंबईकर तेथे गेले. 1961 पर्यंत त्या देशात चलन म्हणून रुपयाच चालत असे, हे आजच्या मुलांना सांगूनही खरे वाटत नाही. गावाला अल-शबाब नावाचा स्वतःचा फुटबॉल क्लब आहे. पण आमच्या विद्यार्थ्याच्या खोलीतील मंडळींचे कान लागलेले असत ते मडगाव आणि कोलकात्याकडे. शुक्रवार हा सुट्टीचा वार. 'अवर लेडी ऑफ अरेबिया' या तेथील चर्चमध्ये प्रार्थना करून मंडळी खोलीवर परतली, चहा उकळू लागला, की वादास तोंड फुटे.

त्या खोलीत तिघांची मिळून एक खानावळ चाले. आमचा विद्यार्थी, गोव्याच्या सासष्टी तालुक्यातील वार्का गावचा एक फिटर आणि हावड्याचा एक बंगाली स्टोअरकीपर. वार्का हे चर्चिल ब्रदर्स या संघाचे गाव. त्यामुळे फिटरचा जीव कोठे गुंतला होता हे सांगावयास नको. बंगाली गृहस्थ मोहन बागानचा, तोही वडिलोपार्जित. त्या दोघांच्या मध्ये 2011 साली ओडाफा ओन्येका ओकोली येऊन उभा राहिला.

हा नायजेरियाचा आघाडीचा खेळाडू. भारतात व्यावसायिक आय-लीग 2007–08 साली सुरू झाली, त्या पहिल्या हंगामात आणि पुढच्याही हंगामात सर्वाधिक गोल त्याचेच होते. 2008–09 चे अजिंक्यपद चर्चिलने मिळविले, त्यात सिंहाचा वाटा त्याचा. असा हा मोहरा 2011 मध्ये मोहन बागानने उचलला. वर्षाला सुमारे दोन कोटी रुपयांचा आकडा त्या वेळी वृत्तपत्रांतून गाजत होता. भारतीय फुटबॉलमध्ये एवढी रक्कम तोवर कोणी ऐकली नव्हती. फिटरने जाहीर केले की, पैशासाठी घर सोडणाऱ्याचे नाव या खोलीत कोणी काढावयाचे नाही. स्टोअरकीपरने त्या शुक्रवारी खीर केली.

पहिल्या वर्षी खीर करणाऱ्याची सरशी झाली. 2011–12 च्या हंगामात ओडाफाने लीगमध्ये पंचवीसहून अधिक गोल केले. येथे आमच्यातील शिक्षक जागा झाला. दोन कोटींस पंचवीसने भागले असता गोलामागे आठ लाख येतात, म्हणजे प्रत्यक्ष दर त्याहूनही कमी. आम्ही कागदावर हे मांडले तेव्हा विद्यार्थी हसून म्हणाला, "सर, हाच भागाकार त्यांनीही केला होता. पण पुढे काय झाले ते ऐका."

पुढे झाले ते असे. 9 डिसेंबर 2012 रोजी कोलकात्यात सॉल्ट लेकच्या मैदानावर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा सामना होता. पूर्वार्धातच पंचांशी हुज्जत घातल्यामुळे ओडाफाला लाल कार्ड मिळाले. प्रेक्षकांतून आलेल्या दगडाने बागानचा रहीम नबी जखमी झाला आणि मध्यंतरानंतर बागानचा संघ मैदानावर उतरलाच नाही. आधी क्लबवर बंदी आली. मग 2013 च्या जानेवारीत ती उठवून दोन कोटींचा दंड करण्यात आला व तोवर मिळविलेले सर्व गुण काढून घेण्यात आले. दंडाचा आकडा नेमका दोन कोटी! फिटरला हे कळताच त्याने भर जेवणात म्हटले, "एक गडी घेतला दोन कोटींचा, त्याचे कार्डही दोन कोटींचे." स्टोअरकीपर काही बोलला नाही. आपले ताट उचलून तो बाहेर गेला आणि दुसऱ्या दिवसापासून वेगळा शिजवू लागला. सहा वर्षांची खानावळ मोडली. आमचा विद्यार्थी बिचारा एक दिवस याच्याबरोबर, एक दिवस त्याच्याबरोबर जेवू लागला.

खेळावरून माणसे इतकी कशी बिनसतात, असे आम्ही विचारले. त्यावर त्याने जे सांगितले ते आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. त्याच सुमारास फिटरला दुसऱ्या एका कंपनीचे दीडपट पगाराचे बोलावणे आले होते. खोली, चर्च, सोबती सोडवत नाहीत म्हणून त्याने ते नाकारले होते. घरी वार्क्याला बायकोने मात्र त्याबद्दल अबोला धरला होता. म्हणजे ओडाफाने जावे की न जावे, हा प्रश्न त्याच्यापुरता फुटबॉलचा राहिलाच नव्हता. आणि गंमत पाहा, पैशासाठी घर सोडल्याचा आरोप ज्या खोलीत होत होता, त्या खोलीतील तिघेही पैशासाठीच घर सोडून आले होते. ओडाफाही लेगोसच्या देशातून पोटासाठीच भारतात आला होता. पायांत जोर आहे तोवरची दहाबारा वर्षे, त्यात जो अधिक देईल त्याच्याकडे जाणे यात अधर्म कसला? आम्ही हे म्हटल्यावर विद्यार्थी गप्प बसला.

आता क्लबांचा जमाखर्च पाहू. ओडाफा बागानमध्ये तीन हंगाम होता. त्या काळात राष्ट्रीय लीग नाही, फेडरेशन कपही नाही. उलट तो गेल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, 2012–13 साली, चर्चिल ब्रदर्सने सुभाष भौमिक यांच्या शिकवणीखाली पुन्हा अजिंक्यपद मिळविले. त्यावर शिक्कामोर्तब झाले तेही मोहन बागानशी 1–1 अशी बरोबरी करून! आणि 2014 मध्ये ओडाफाने बागान सोडल्यावर लगेचच्या हंगामात बागानने तेरा वर्षांनी राष्ट्रीय लीग जिंकली. 31 मे 2015 रोजी बंगळूरच्या मैदानावर शेवटच्या काही मिनिटांत बेलो रझाक याने डोक्याने मारलेला गोल त्यांना तारून गेला. बेलो हा आघाडीचा खेळाडू नव्हे, बचावफळीतला. थोडक्यात, ओडाफा ज्याला सोडून जाई तो जिंकत असे. फिटरने हाच सिद्धांत मांडला होता.

पण दोन उदाहरणांवरून सिद्धांत करू नये, हे आम्ही वर्गात नित्य सांगत आलो. गोव्याचेच दुसरे उदाहरण घ्या. रँटी मार्टिन्स हाही नायजेरियाचाच. धेंपोकडून खेळताना त्याने 2011–12 च्या लीगमध्ये 32 गोल केले आणि धेंपोने आपले पाचवे राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. त्यानंतर तो मोठ्या रकमेवर कोलकात्याच्या प्रयाग युनायटेडकडे गेला. तेथेही सर्वाधिक गोल त्याचेच झाले. पण 2013 मध्ये पुरस्कर्त्यांनीच अंग काढून घेतल्यावर त्या क्लबची रया गेली. इकडे धेंपो पुन्हा कधी राष्ट्रीय लीग जिंकू शकला नाही, 2014–15 च्या हंगामात तर खालच्या श्रेणीत घसरला. आर्मांदो कुलासो हे गुरूही मधल्या काळात धेंपो सोडून गेले होते, हेही लक्षात घ्यावे. चर्चिलचेही सारे आलबेल राहिले असे नाही. जानेवारी 2014 मध्ये फेडरेशन कप जिंकणारा हा संघ त्याच हंगामात लीगमध्ये पार खाली घसरला.

आपल्या हैफाचा रॉनी रोझेन्थाल आठवतो का? 1990 च्या वसंतात लिव्हरपूलने त्याला उसना आणला, आठ सामन्यांत त्याने सात गोल केले आणि लीग जिंकून दिली. मग सुमारे दहा लाख पौंड मोजून त्याला कायम घेतले. आज मात्र रिकाम्या गोलासमोर 1992 साली हुकलेला त्याचा एक फटका तेवढा लोक आठवतात. त्या उसन्या आठ सामन्यांचा सौदा स्वस्त होता की नाही, हे कोणी विचारीत नाही. असो.

विद्यार्थ्याने निवाडा मागितला, तो आम्ही दिला. ओडाफासाठी हा करार शंभर नंबरी. त्याच्या घामाचे दाम त्याला मिळाले. मोहन बागानसाठी मात्र तोट्याचा, आणि दोष त्या गड्याचा नव्हे. गोल करणारा विकत घेतला, पण त्याच्या मागची मधली फळी व बचाव यांची बेगमी केली नाही. आणि एवढा मोठा आकडा डोक्यावर घेऊन खेळणाऱ्याचा तोलही ढळतो, जसा त्या डिसेंबरात ढळला. स्टोअरकीपरचे म्हणणे होते की, शून्य गुणांवरून पुन्हा सुरुवात करूनही बागान त्या वर्षी वरच्या श्रेणीत टिकला, तो कोणामुळे? या म्हणण्यात तथ्य आहे. ते आम्ही जमेस धरले, तरी बेरीज बदलत नाही. चर्चिलविषयी विचाराल तर त्यांना या जाण्याने ना नफा ना तोटा. त्यांचे यश आणि अपयश दोन्ही दुसऱ्या कारणांनी आली.

तो सर्व लिहून घेऊन गेला. फिटर आता वार्क्याला परतला आहे, स्टोअरकीपर अजून अहमदीत आहे. दोघांनाही त्याने आमचा निवाडा फोनवरून वाचून दाखविला. पंधरा दिवसांनी त्याचे उत्तर आले. फिटरचे म्हणणे, सरांना गणित येते, फुटबॉल कळत नाही. स्टोअरकीपरचे म्हणणेही अक्षरशः तेच. हे ऐकून फिटरने, किती वर्षांनी कोण जाणे, त्या बंगाल्याचा नंबर मागून घेतला.