सीलची आई

संध्याकाळी गाय रानातून परत येते. गोठ्यात वासरे हंबरतात. त्यांत आपले वासरू कोणते, हे गाय बरोबर ओळखते. असेच एक जनावर समुद्रात आहे. त्याचे नाव सील.

सील म्हणजे मासा नव्हे. तो हवेत श्वास घेतो. त्याची मादी पिलाला दूध पाजते. सीलच्या पुष्कळ जाती आहेत. आज आपण दाट केसांच्या सीलची माहिती घेऊ. त्याला बारके कान असतात. पाय वल्ह्यासारखे चपटे असतात. मागचे पाय पुढे वळवून तो जमिनीवर चालतो. अंगावरचे केस इतके दाट, की थंडगार पाणी कातडीपर्यंत पोचत नाही.

दूर उत्तरेला, अलास्काजवळ, प्रिबिलोफ नावाची बेटे आहेत. उन्हाळ्यात हे सील तिथे गोळा होतात. आधी नर येतात. नर सुमारे २०० किलोचा, तर मादी ४०-५० किलोची. नर आपली जागा धरून बसतो. जागा जाईल म्हणून तो महिना-दीड महिना काही खातसुद्धा नाही!

मग माद्या येतात. प्रत्येकीला एकच काळे पिलू होते. आठवडाभर ती त्याच्याजवळ राहते. पुढे मासे खायला ती दूर समुद्रात जाते आणि कित्येक दिवसांनी परतते. तोवर पिलू उपाशी. आल्यावर ती हाक मारते. पिलू ओ देते. हजारोंच्या कोलाहलात मायलेकरांची गाठ पडते. असे चार महिने चालते.

ह्या कातड्याला मोठा भाव होता. शिकारी बोटींतून भर समुद्रात सील मारू लागले. त्यात माद्या फार मरत. एक मादी मेली, की तीन जीव जात. ती स्वतः, तिच्या पोटातला गर्भ आणि बेटावर वाट बघणारे पिलू.

सील झपाट्याने घटले. एकट्या देशाने हात आवरून काय होणार? दुसरा मारतोच! शेवटी १९११ साली अमेरिका, ब्रिटन, जपान आणि रशिया ह्या चार देशांनी करारावर सह्या केल्या. समुद्रातली शिकार बंद केली. बेटांवर मोजकीच शिकार ठेवली आणि त्या कातड्यांत सर्वांना वाटा दिला. मग करार टिकला. सील पुन्हा वाढले. १९८४ पासून बेटांवरचा कातड्यांचा धंदाही बंद झाला.

अलीकडे तिथे सील पुन्हा कमी होत आहेत. त्यांची राखण संपलेली नाही.

आपल्या गायरानाचेही असेच असते. एकाने राखून भागत नाही. सगळ्यांनी मिळून राखले, तरच ते उरते.